ऐकलं, छान

१

पोफळीच्या वीजघरात तेहतीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावरही घड्याळ सोडत नाही. चारुदत्तचं तसंच होतं. रत्नागिरीत नाचणे रोडवर त्यानं जांभ्या दगडाचं छोटं घर बांधलं होतं. तिथं तो दुपारी बरोबर पावणेचारला उठायचा, तोंडावर पाणी मारायचा, बायकोनं, हेमानं, ओट्यावर झाकून ठेवलेला चहा स्वतःच गरम करायचा आणि चारच्या ठोक्याला हॉलमधल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसायचा. मग चष्मा पुसून फोन हातात घ्यायचा आणि मुलीनं पाठवलेला गिटारचा एक पीस ऐकायचा. एकच. दुसरा लावायचा नाही, असा त्यानं स्वतःला नियम घालून घेतला होता.

मुलगी, मनस्विनी, जाऊन दीड वर्ष झालं होतं. पुण्यात नोकरीला होती, एकोणतीस वर्षांची, धडधाकट. एका शुक्रवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणाली आणि मंगळवारी संपलं. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाचं काहीबाही समजावून सांगितलं. चारुदत्तनं मान हलवली. त्यातलं त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

पुण्याला गेल्यापासून तिनं त्याला फोनवर एकतीस पीस पाठवले होते. सगळे लहान, कुठला मिनिटभराचा, तर कुठला जेमतेम अडीच मिनिटांचा. क्लासिकल गिटार आणि ती, बस. ना गाणं, ना ठेका. प्रत्येक पीसखाली चारुदत्तचं उत्तर होतं, "ऐकलं. छान." एकतीस पीस आणि एकतीस वेळा तेच उत्तर.

गेल्या दिवाळीनंतर त्यानं ते पहिल्यापासून ऐकायला घेतले. तिसावा झाला की पुन्हा पहिला. एकतिसावा मात्र त्यानं कधीच लावला नव्हता.

२

वीजघर डोंगराच्या पोटात असतं. तिथं दिवसरात्र मशिनं घुमतात, आणि तिथं काम करणाऱ्याचा कान वेगळाच तयार होतो. सगळं ठीक असेल तर त्याला काहीच ऐकू येत नाही. एखादं बेअरिंग जरा कण्हायला लागलं, की झोपेतूनसुद्धा ऐकू येतं. चारुदत्तच्या कानाचं तिथं मोठं नाव होतं. साहेबलोक मशिनापाशी त्याला मुद्दाम बोलावून घ्यायचे.

तोच कान घेऊन तो घरी यायचा. कॉलनीत बदलून आलेल्या एका इंजिनिअरच्या बायकोकडे मनू अकराव्या वर्षापासून गिटार शिकली. पहिली शिफ्ट करून तो चारला घरी आला, की डावा पाय छोट्या घडीच्या स्टुलावर ठेवून, पाठ ताठ करून ती समोर बसायची. एक पीस वाजवायची आणि विचारायची, "बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं. छान," तो पेपरातून म्हणायचा. त्यात खोटेपणा करतोय असं त्याला कधी वाटलं नाही. खटकलं नाही म्हणजे छान, असा त्याचा सरळ हिशेब होता.

एकदा तिनं मुद्दाम दोन सूर चुकीचे घेतले. त्यानं लगेच पेपर खाली केला. "काहीतरी बिघडलं वाटतं?" मनू खुर्चीतल्या खुर्चीत नाचली होती. "म्हणजे येतं तुम्हाला ऐकू!" पुढं कधीमधी ती तसं करायची. तेवढंच त्याला ऐकू यायचं, बाकीचं सगळं त्याच्या कानांवरून वाहून गेलं. आता आठवलं की चारुदत्तला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

एकतिसावा पीस तिचं डोकं दुखायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी आला होता. त्या वेळी चारुदत्त विहिरीपाशी होता. पंप नीट उचलत नव्हता, आणि त्याचा सगळा जीव त्या पंपाच्या आवाजात गुंतला होता. ओल्या अंगठ्यानं त्यानं टाइप केलं, "ऐकलं. छान," आणि फोन खिशात टाकला. रात्री ऐकू म्हणाला, ते राहून गेलं. पुढच्या मंगळवारी ती नव्हती.

आधी लाजेनं त्याला तो लावता येईना. मग दुसरंच काहीतरी मनात येऊन बसलं. हा एक ऐकला की मनूचं नवं असं काही उरणार नाही. तिचा हा शेवटचा पीस एकदा, एकदाच, खराखुरा ऐकायचा, त्यासाठी कान तयार करायचा, म्हणून तर तो रोज चारला बसत होता. कान नीट होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

३

जानेवारी लागला. आंब्याला मोहोर आला होता आणि शेजारच्या बागेतून फवारणीच्या पंपाची घरघर यायची. त्या दिवशी सातवा पीस होता, एक मिनिट चाळीस सेकंदांचा.

शेवटचा सूर वाजला आणि विरत गेला. तारा थांबल्या तरी लाकूड थोडा वेळ आत घुमत राहतं, तेवढं आता त्याला कळायला लागलं होतं. ते घुमणंही संपलं. चारुदत्त फोन ठेवायला वाकला आणि तसाच थांबला.

अजून काहीतरी चालू होतं. आवाज म्हणावा असं ते नव्हतं. कुणी श्वास धरून बसलं की खोली जशी भरल्यासारखी होते, तसं होतं. मग अगदी हलकेच लाकडी खुर्ची करकरली. कपडा कपड्याला घासला. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

त्यानं फोनकडे पाहिलं. पीस संपला होता. रेघ शेवटाला पोचून पुन्हा सुरुवातीला येऊन थांबली होती. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, चार वाजून चार मिनिटं. पाच. सहा. वाट बघणं काही संपेना. आणि मग, जन्माची खोड ती, त्याच्या तोंडून निघून गेलं, "छान."

खोली एकदम रिकामी झाली. बागेतली घरघर पुन्हा ऐकू यायला लागली. म्हणजे इतका वेळ ती ऐकू येत नव्हती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

वय झालं, त्यानं स्वतःला समजावलं. सत्तरीला टेकलेला कान आहे, त्यात तेहतीस वर्षं मशिनात घासलेला. जास्त लक्ष दिलं की कान आपल्याच रक्ताचा आवाज ऐकतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. चहा निवून गेला होता. त्यानं तो तसाच पिऊन टाकला.

४

दुसऱ्या दिवशी नियम मोडून त्यानं पुन्हा सातवाच लावला. आणि मध्यावर एक सूर चुकला.

चांगला ठसठशीत चुकला. हा सूर काल असा नव्हता. चारुदत्तचा कान चुकीच्या बाबतीत कधी फसला नव्हता. शेवटी तीच शांतता आली, तेच थांबणं आलं. काही बोलायचंच नाही असं ठरवून तो दात आवळून बसला. खुर्ची करकरली. आज ती कालच्यापेक्षा जवळ वाटली. मग फरशीवरून काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, पायाखालचं स्टूल सरकवावं तसा. आणि त्याच्या तोंडून पुन्हा "छान" निघालं, घाईघाईनं, दारावर नको असलेल्या माणसाला वाटेला लावावं तसं.

आवाज थांबला, पण त्याला अतिशय शरमल्यासारखं झालं.

नियम सुटला तो सुटलाच, दिवसाला चार-पाच पीस तो लावून बघू लागला, आणि आठवडाभरात सगळे नासायला लागले. एकदा "छान" म्हटलं की दुसऱ्या खेपेला त्यात चूक निघे, तिसऱ्या खेपेला दोन. अकराव्याचा तर शेवटच सापडेना. शेवटी त्यानं हेमाला हाक मारली.

"हा ऐक जरा. काही चुकतंय का बघ."

हेमा पदराला हात पुसत आली. डोळे मिटून उभी राहिली. तो पीस चारुदत्तच्या कानांवर ओरखडे काढत होता, आणि हिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

"हा आमसुलाच्या साराचा," ती म्हणाली.

"कसला?"

"अहो, मी आपली नावं ठेवलीयत. सगळ्यांना कुठली नावं असतात? हा तिनं सुटीत इथं बसवला तेव्हा मी रोज सार करत होते. त्याच्या आधीचा तो घावनांचा. एका घावनात एकदा वाजवून व्हायचा बरोबर." ती डोळे पुसत हसली. "कुठं चुकतंय? चोख वाजवलंय पोरीनं. मी सगळे स्वयंपाकघरातून ऐकलेत. तुम्ही समोर बसायचात, तुम्हाला जास्त ठाऊक."

"आणि शेवटी? शेवटी काही ऐकू येतं?"

"शेवटी काय यायचंय? संपतो." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बरं वाटत नाही का तुम्हाला? फार लावून घेऊ नका हो जिवाला."

तिच्यासाठी पीस संपत होते. ज्यानं ऐकलं त्याच्यासाठी ते संपत होते.

५

मनूची मैत्रीण अक्षया माळनाक्यापाशी मुलांना गिटार शिकवायची. चारुदत्त तिच्याकडे गेला. तिनं कानाला मोठे हेडफोन लावून चार पीस ऐकले, काही ठिकाणी पुन्हा मागे जाऊन ऐकले.

"काका, एक सूर इकडचा तिकडे नाही. काय सुरेख आहेत!"

"मला कळत नाही गो त्यातलं," तो म्हणाला. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणापुढे बोलत होता. "कसं ऐकायचं असतं? इतकासा तो पीस. सुरू होतो न होतो तोच संपतो."

अक्षयानं गिटार मांडीवर घेतली. "लहान पीसमध्ये लपायला जागा नसते काका. मोठ्या वाद्यवृंदात एखाद्याचं खपून जातं. इथं एक माणूस आणि सहा तारा. हे बघा." तिनं एक तार छेडली. "सूर वाजला की त्याच क्षणी विरायला लागतो. बासरीसारखा फुंकून धरता येत नाही. मग वाजवणारा काय करतो, तर तो सूर जाईपर्यंत त्याच्याबरोबर थांबतो. मनूला ते फार चांगलं जमायचं. पूर्ण विरल्याशिवाय ती हात उचलायची नाही. खरं तर तिचे पीस शेवटच्या सुरानंतर संपायचे."

चारुदत्त त्या तारेकडेच बघत होता. "वाट बघायची म्हणजे."

"तसंच." अक्षया जरा घुटमळली. फोन परत देताना तिची नजर यादीच्या तळाशी गेली. "हा अजून हिरवाच आहे."

"म्हणजे?"

"शेजारी तो छोटा माइक आहे ना, आपण ऐकेपर्यंत हिरवा असतो. ऐकलं की निळा होतो. पाठवणाऱ्यालाही दिसतं ते." ती खाली बघून गिटारची खुंटी उगीच पिळत राहिली. "मी सांगणार नव्हते, काका. त्या शुक्रवारी सकाळी तिनं मला फोटो पाठवला होता. 'बघ, बाबा छान म्हणतायत, आणि माइक अजून निळा व्हायचाय.' पुढं हसायचं चिन्ह टाकलं होतं. मग लिहिलं होतं, 'जाऊ दे, आता नाही पाठवणार.'"

चारुदत्त चालतच घरी आला. मारुती मंदिरापाशी त्याला ओळखीच्या कुणीतरी हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. तिला ठाऊक होतं. मरायच्या आधी तिला ठाऊक होतं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. हे कुणाकडे जाऊन निस्तरायचं, ते त्याला कळेना.

६

त्यानंतर आवाज फोनची वाट बघेनासा झाला.

पावणेचारला तो तोंड धूत असताना मनूच्या बंद खोलीतून खर्र, खर्र असं यायचं. बारीक, एका लयीत. उजव्या हाताची नखं वाढवून ती वाजवण्याआधी घासून गुळगुळीत करायची, तोच हा आवाज. चारुदत्तनं दोनदा दार उघडून पाहिलं. गादी गुंडाळलेली, गिटार खोळीत, खिडकी बंद. उंदीर असेल म्हणून त्यानं कपाटामागे पाहिलं, छतावर वाळवी असेल म्हणून वाशांवर टिचकी मारली. दार लावून वळला की मागे पुन्हा खर्र, खर्र. पोरीची तयारी चालली होती.

तिसांपैकी एकही पीस आता ऐकण्याजोगा राहिला नव्हता. त्यानं स्वतः "छान" म्हणून म्हणून ते संपवले होते. राहिला होता एकतिसावा.

भीती वाटत नव्हती असं नाही. पण त्या भीतीपेक्षा एक आशा मोठी झाली होती. ती अजून वाट बघते आहे. एवढ्या उशिरा का होईना, बघते आहे. म्हणजे अजून उत्तर देता येईल. हा एक पीस आपण जीव लावून ऐकायचा, आणि शेवटच्या सुरानंतर ती थांबली की तिला खरं काय ते सांगायचं. 'मी ऐकत नव्हतो, मनू. आज ऐकलं.' इतकं सांगितलं की झालं. मग पुढे काय व्हायचं ते होवो.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी हेमा नणंदेकडे हळदीकुंकवाला गेली. "सहापर्यंत येते," असं सांगून गेली. चारुदत्तनं चहा केला नाही. त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि पंखा लावून चारला खुर्चीत बसला.

७

त्याच्या पाठीशी मनूच्या खोलीचं दार होतं आणि समोर बंद टीव्ही. त्यानं फोन मांडीवर ठेवला आणि बोट टेकवलं.

आधी तिचा श्वास. मग अंगठ्यानं छेडलेली जाड तार, सावकाश, अंगणातून कुणी अनवाणी चालत यावं तशी. तिच्यावर तीनच सूर, वर चढणारे. चौथा येणार असं वाटतं, आणि ती अर्ध्यातून परत फिरते. पुन्हा तेच तीन सूर, पण या वेळी नखानं नाही, बोटाच्या गरानं, मऊ. बोट जाड तारेवरून सरकताना चर्र झालं, ते त्यानं ऐकलं. चढण्याआधी ती किंचित थबकली, तेही ऐकलं. त्यानं चूक शोधली नाही. कान आपोआप तिकडे धावत होता, त्याला त्यानं ओढून आणलं, एकदा, दोनदा, आणि मग तो धावायचाच थांबला. आता नुसती मनू होती. ती किती एकटी वाजवत होती! इतकी एकटी ही कधी झाली, आपल्या घरात, आपल्यासमोर बसून? त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही, कारण तेवढ्यात एक सूर निसटला असता.

आवाज मांडीवरच्या फोनमधून येत नव्हता. तो पाठीमागून येत होता. चारुदत्तनं मान वर केली.

टीव्हीच्या काळ्या काचेत मागचं दार दिसत होतं, आणि ते उघडं होतं. दारातून एक गुडघा दिसत होता, जरा वर उचललेला. त्यावर गिटारची कंबर. आणि उजवा हात, कोपरापर्यंतचा. त्यापलीकडे अंधार होता.

हात शेवटच्या सुरावर आला. सूर वाजला. चौथा सूर, जो इतका वेळ येत नव्हता. तो विरायला लागला आणि चारुदत्त त्याच्याबरोबर गेला, अगदी टोकापर्यंत. लाकडातलं घुमणं गेलं. त्यानं ओठ ओले केले. आता ती थांबेल. आता ती विचारेल.

खुर्ची सरकली.

काचेत तो गुडघा खाली गेला. स्टूल मिटल्याचा आवाज झाला. ती उठत होती. सूर विरला न विरला तोच ती उठत होती, कुणासाठी थांबायचं नसल्यासारखी.

"मनू," तो म्हणाला. "मनू, ऐकलं गो. खरंच ऐकलं. थांब ना जरा."

काचेतून गिटारची मान आडवी गेली, मागे पाठीवरची वेणी. ती दारातून हॉलमध्ये आली आणि त्याच्या खुर्चीच्या मागून बाहेरच्या दाराकडे निघाली. घाई नव्हती, राग नव्हता. त्याच्या बाजूला तिनं मान वळवली नाही. दारापाशी मात्र एक क्षण थांबली. चारुदत्त ताडकन वळला. तिथं कुणी नव्हतं. भिंतीवरचं बटण टक्कन वर गेल्याचं तेवढं त्यानं पाहिलं.

सहाला हेमा वाणाची पिशवी घेऊन आली. चारुदत्त खुर्चीतच होता, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

"अहो, असे उकाड्यात काय बसलात? पंखा का बंद केलात?"

"मी नाही केला," तो म्हणाला.

खोलीत माणूस नसेल तर पंखा चालू ठेवायचा नाही, बाहेर पडताना आठवणीनं बंद करायचा, हे मनूला लहानपणी त्यानंच शिकवलं होतं.